घरामागचे शेततळे : चार चुका आणि त्यांची दुरुस्ती

मागील लेखात आपण उष्माघाताविषयी माहिती घेतली. आजचा विषय वाचून काही वाचक म्हणतील, की डॉक्टरांनी स्टेथोस्कोप खाली ठेवून गवंड्याचा ओळंबा हाती घेतला की काय! तसे समजण्यास माझी हरकत नाही. काही आजारांचे औषध दवाखान्यात मिळत नाही, ते बांधकामातच मिळते. पाण्यात बुडणे हा त्यातला एक आजार होय. आजार म्हटल्याचे आश्चर्य वाटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. हे मृत्यू प्रामुख्याने आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

परदेशात सुखवस्तू माणूस घरामागे पोहण्याचा तलाव बांधतो. आपल्याकडे घरामागे, गोठ्यापलीकडे किंवा आखाड्याजवळ तळे असते ते शेततळे. ती चैन नव्हे. बीड जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ आणि २०१५-१६ चाही पाहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. दिंद्रुडच्या पंचक्रोशीत उभे राहिले की आज जागोजाग ऊन झेलणारा काळा कागद चकाकताना दिसतो. या तळ्यांनी मोसंबी जगवली, ऊस जगवला, घरे उभी ठेवली. म्हणून शेततळे वाईट, असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु तळे बांधताना पिकाचा जितका विचार होतो तितका माणसाचा होत नाही. आता उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतील, पुण्या-मुंबईची नातवंडे गावी येतील, आणि काहिलीत ते निळेशार पाणी त्यांना बोलावू लागेल. तत्पूर्वी हा लेख वाचावा.

तळ्याची रचना समजून घ्या

त्या योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असे. चारही बाजू सरळ ४५ अंशांच्या उताराने उतरवल्या तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. खोली ३ मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. आता थोडे गणित करू. ४५ अंशांचा उतार म्हणजे काठापासून जितके आत जावे तितकेच खोल. एक मीटर आत गेले की एक मीटर खोल, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्याच्या आसपास पाणी. दोन मीटरवर मोठ्या माणसाच्याही डोक्यावरून पाणी. नदीच्या उतारावर माणूस हळूहळू आत जातो, पाणी घोट्याचे गुडघ्याला लागते, त्याला सावध होण्यास अवधी मिळतो. शेततळ्यात असा अवधी नाही.

त्यावर अंथरलेला असतो कागद. पाणी जिरू नये म्हणून ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे, प्लास्टिक वापरतात. कोरडे असताना त्यावर कसेबसे उभे राहता येते. ओले झाले आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर धरला की तीच घसरगुंडी होते. बोटे रुतवायला माती नाही, पकडायला दगड नाही, गवताची काडी नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भरलेल्या तळ्यापेक्षा अर्धे रिकामे तळे अधिक फसवे असते. उन्हाळ्यात पाणी दीड मीटर खाली गेले, तर राहिलेले दीड मीटर पाणीही मुलाच्या डोक्यावरून जाते. शिवाय पाण्यापासून काठापर्यंत सात फूट लांबीचा गुळगुळीत चढ उघडा पडलेला असतो. तळे भरलेले असताना हात वर करून काठ तरी सापडला असता, आता तोही हाताबाहेर गेला. आपण मात्र म्हणतो, “आता काय, तळं निम्मं झालंय, भीती नाही.”

पोहता येते, मग भीती कशाची?

माझे एक जुने रुग्ण आहेत, रक्तदाबासाठी दर महिन्याला येतात. मी त्यांना बापू म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरामागे तळे केले. गेल्या उन्हाळ्यात गोळ्या घेण्यास आले तेव्हा मी सहज विचारले, “बापू, तळ्याला कुंपण केलं का?”

“केलं की. तीन बाजूनं तार मारली. घराकडची बाजू तेवढी मोकळी हाय. रोज मोटर चालू करायला जावं लागतंय, उगंच हेलपाटा कशाला?”

“आणि कुणी आत पडलं तर?”

बापू हसले. “डॉक्टरसाहेब, आमच्या घरात समद्यांना पोहता येतंय. मी तर पावसाळ्यातल्या नदीत उड्या मारलेला माणूस.” मग आठवण झाल्यासारखे म्हणाले, “गेल्या महिन्यात आमचं कुत्रं मात्र पडलं रात्री. सकाळी बघतो तर मेलेलं.”

मी म्हटले, “बापू, कुत्र्याला पोहायला कुणी शिकवावं लागत नाही. चार पाय, पायांना नखं, आणि अंगात तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चिकाटी. ते पोहता येत नव्हतं म्हणून मेलं, की बाहेर येता आलं नाही म्हणून?”

बापू गप्प झाले. औषधाची चिठ्ठी खिशात घालता घालता म्हणाले, “सुट्टीत नातवंडं येणार हायत. रविवारी तुम्ही एकदा येऊन बघून जा.”

वाचकहो, या संपूर्ण लेखाचे सार त्या मुक्या जनावराने सांगितले आहे. पोहता येणे ही आत राहण्याची विद्या आहे. शेततळ्यात जीव जातो तो बाहेर पडण्याची वाट नसल्यामुळे. चांगला पट्टीचा पोहणाराही काठाला येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो. दहा-पंधरा प्रयत्नांत त्याचे हातपाय भरून येतात. आपल्या पूर्वजांनी मराठवाड्यात गावोगाव ज्या बारवा बांधल्या, त्यांना पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आधी केल्या. पाण्यात उतरणारा माणूस वर यावयास हवा, हे त्यांना कळत होते. आपण पोकलेन लावून दोन दिवसांत खड्डा केला आणि पायऱ्या विसरलो.

चार चुका

रविवारी बापूंच्या तळ्यावर ज्या चुका दिसल्या, त्याच मला इतरत्रही दिसतात.

पहिली चूक : बाहेर येण्याची वाट नाही. पोकलेनचे पैसे तासावर द्यावे लागतात, जमीन थोडी आणि पाणी जास्त हवे, म्हणून बाजू होता होईल तितक्या उभ्या ठेवल्या जातात. आपल्याकडच्या काळ्या मातीला तर असा उभा उतार मानवतही नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भराव ढासळतो. अशा चढावर ना दोर, ना शिडी, ना पायऱ्या.

दुसरी चूक : घराकडची बाजू उघडी. लहान मूल कोणत्या बाजूने येणार? घराच्याच. म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त तिथेच कुंपण नाही. ज्या बाजूंना तार असते तिथेही काटेरी तारेचे तीन पदर एक-एक फुटाच्या अंतराने बांधलेले असतात. त्यातून गाय अडते, मूल अडत नाही.

तिसरी चूक : निसरडा काठ. कागदाचे टोक काठाच्या बाहेर चर खोदून मातीत गाडायचे असते. पुष्कळ ठिकाणी ते नुसते भरावावर पसरून त्यावर दगड ठेवतात. काठावर चालणारा माणूस न कळत कागदावर पाय देतो. भरावाचा माथाही इतका अरुंद, की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने तळ्याच्या बाजूला सरकायचे!

चौथी चूक : मोटर आणि फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या कडेला. शेवाळ अडकून पाणी ओढेनासे झाले की माणूस फुटव्हॉल्व्ह साफ करण्यास वाकतो. हे काम बहुधा एकट्याने, बऱ्याचदा लाईट येईल त्या वेळी म्हणजे रात्री-अपरात्री केले जाते. वायरीला जोड दिलेले असतील तर विजेचा धोका वेगळाच.

झालेल्या चुकांची दुरुस्ती

बापूंचा प्रश्न अगदी रास्त होता. “खड्डा झाला, कागद अंथरला, पाणी भरलं. आता उकरून परत करायचं का?” याचे उत्तर, नाही. तळे रिकामे न करताही यांतील बहुतेक चुका दुरुस्त होतात, आणि खर्च कागदाच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

१) गाठीचे दोर. बोटभर जाड नायलॉनचे दोर घ्यावेत. त्याला दर फुटावर मोठी गाठ मारावी. काठाच्या बाहेर, भरावापलीकडे पक्का खुंट रोवून त्याला एक टोक बांधावे, दुसरे थेट तळापर्यंत सोडावे. तीन मीटर खोल तळ्याच्या उताराची लांबी साधारण १४ फूट होते, म्हणून खुंटापर्यंतचे अंतर धरून प्रत्येक दोर २५ फुटांचा ठेवावा. चारही बाजूंना दर १५ फुटांवर एक दोर असावा. टोकाला दगड बांधू नये, कागद फाटतो. वाळू भरलेली छोटी पिशवी बांधावी. उन्हाने दोर कुजतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी दोघांनी मिळून ओढून पाहावा.

२) तरंगता दोर. रिकामे प्लास्टिकचे कॅन झाकण घट्ट लावून एका लांब दोराला बांधावेत आणि तो दोर तळ्याच्या कडेने चारही बाजूंना पाण्यावर तरंगत ठेवावा. पाण्याची पातळी खाली गेली की तोही खाली जातो. पडलेल्याच्या हाताला काही तरी लागणे हेच महत्त्वाचे. श्वास घेण्यापुरते डोके वर राहिले तरी मदत येईपर्यंत जीव टिकतो.

३) पायऱ्या. मोटरच्या बाजूला रेती-मातीने भरलेल्या गोण्यांच्या पायऱ्या कराव्यात, किंवा बांबूची शिडी उताराला टेकवून वरच्या बाजूला खुंटाला बांधावी. शिडीखाली जुने गोणपाट घालावे, म्हणजे कागद शाबूत राहतो.

४) चारही बाजूंनी कुंपण. ऑस्ट्रेलियात घरोघरी पोहण्याचे तलाव आहेत, तिथे मुले बुडू लागली तेव्हा कायदेच केले गेले. तेथील नियमांचा मथितार्थ आपल्याला उपयोगी आहे. कुंपण किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट उंच असावे. त्यातली फट आणि जमिनीलगतची फट १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा फारशी मोठी नसावी. फाटक बाहेरच्या बाजूस उघडणारे व सोडल्यावर आपोआप बंद होणारे असावे, कडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असावी. घराची भिंत ही कुंपणाची चौथी बाजू मानू नये, कारण घराला दार असते! तळ्याच्या चारही बाजूंना वेगळे कुंपण असल्यास मुले बुडण्याचे प्रमाण बरेच कमी होते, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. जाळी परवडत नसेल तर निदान घराकडची बाजू तरी आधी जाळीने बंद करावी. जवळ बाज, ड्रम, लाकडे ठेवू नयेत. मुले त्यावर चढून पलीकडे जातात.

५) काठ आणि मोटर. कागदाचे टोक चरात गाडून त्यावर माती दाबावी, चालण्यास तीन-चार फूट माथा मोकळा ठेवावा. फुटव्हॉल्व्ह दोराने वर ओढता येईल असा बसवावा, म्हणजे वाकावे लागणार नाही. ते काम करताना दुसरा माणूस काठावर हवा आणि मेन स्विच बंद हवा.

बापूंच्या दोन्ही मुलांनी आठवड्याभरात दोर बांधले. घराकडची बाजू बंद करताना रोजच्या हेलपाट्याची कुरकुर झालीच, म्हणून मोटरचा स्टार्टर कुंपणाबाहेर आणून बसवला. कुरकुर मिटली. नातवंडांची हौस भागावी म्हणून जुना सिमेंटचा हौद घासून त्यात कमरेएवढे पाणी भरले. मुलांनी त्यात डुंबावे, एक मोठे माणूस शेजारी बसून असावे, आणि तेच पाणी नंतर झाडांना सोडावे. मात्र लहानग्यांच्या बाबतीत हौदही सुरक्षित समजू नये. रांगते मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते.

नवे तळे करणाऱ्यांनी तर पोकलेन येण्यापूर्वीच पसरट उतार, एका कोपऱ्यात पायऱ्या आणि कुंपणाचा खर्च धरूनच हिशेब करावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण आपण सांगतो. मूल पडल्यावर दोर शोधू नये, हीही तितकीच खरी.

कुणी पडलेच तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घेणेच कठीण, हाक कुठून मारणार? लहान मूल मिनिटाभराच्या आत, आवाज न होता दिसेनासे होते. म्हणून मूल घरात दिसले नाही तर आधी तळे पाहावे, मग गाव शोधावे.

लगोलग उडी टाकू नये. एकाला वाचवण्यास दुसरा, दुसऱ्याला वाचवण्यास तिसरा, आणि एकाच घरातले दोघे-तिघे गेले, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात याच वृत्तपत्रांत वाचतो. आधी आरडाओरडा करून माणसे गोळा करावीत. काठावर आडवे पडून बांबू, धोतर, साडी, जे हाती लागेल ते पोचवावे. ते पोचत नसेल तर ट्रकची ट्यूब किंवा रिकामा कॅन दोर बांधून फेकावा. आत उतरणे अगदीच भाग पडले तर कमरेला दोर बांधून, दुसरे टोक काठावरच्या दोघांच्या हाती देऊनच उतरावे.

बाहेर काढल्यावर काय करावे? मेंदूला साधारण चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर त्याच्या पेशी मरू लागतात. दिंद्रुडहून माजलगावचे रुग्णालय असो की अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, तेवढ्या वेळात कोणतीही गाडी पोहोचत नाही. म्हणून पहिला उपचार काठावर, तुमच्याच हातून व्हायला हवा. एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा, दुसऱ्याने पुढीलप्रमाणे सुरुवात करावी.

रुग्णास कठीण जागेवर उताणे निजवावे. हाक मारून, खांदे हलवून पाहावे. श्वास चालू नसेल तर कपाळ मागे ढकलून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावावे आणि छाती वर उचललेली दिसेल इतकी हवा भरावी. असे दोन ते पाच वेळा करावे. बुडालेल्याला प्रथम हवा लागते, कारण त्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते. त्यानंतर छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर, मुलाची छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली जावी. मग पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. श्वास सुरू होईपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. तोंडाला फेस येतो, तो पुसत बसू नये. उलटी झाली तर मान व अंग कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवून ओले कपडे काढावेत व ऊब द्यावी.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पोट दाबून पाणी काढू नये. पाय धरून उलटे टांगू नये, खांद्यावर टाकून पळवू नये. यात मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी व अन्न उलट श्वासनळीत शिरते. बुडालेल्याला मिठात झाकून ठेवले की तो जिवंत होतो, असा एक निरोप मोबाईलवर फिरत असतो. तो निव्वळ खोटा आहे. जो रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागला, त्यालाही “आता बरा आहे” म्हणून घरी ठेवू नये. फुप्फुसात गेलेल्या पाण्यामुळे काही तासांत दम लागू शकतो, म्हणून काही तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

शेवटी तीन सूचना. ज्यांना फिट येते, त्यांनी तळ्यावरची मोटर एकट्याने चालू करण्यास जाऊ नये. दारू प्यायलेल्या माणसास तळ्याकडे फिरकू देऊ नये. आणि घरातली सारी मोठी माणसे रानात असतील त्या वेळी लहान मूल कोणाच्या ताब्यात आहे, हे नाव घेऊन ठरवावे. “सगळे आहेत की” म्हणजे बहुधा कुणीच नसते.

येत्या रविवारी आपापल्या तळ्याच्या काठावर उभे राहून एकच प्रश्न स्वतःला विचारा, माझे नातवंड आत्ता यात पडले तर ते कशाला धरून वर येईल? उत्तर सापडले नाही, तर सोमवारच्या बाजारातून दोर आणावा.